एअर पिस्तूल: रेंजवरचा सराव कसा आखावा आणि सुधारणा कशी मोजावी

रेंजवर बहुतेक नेमबाज सारखंच करतात. आले, पिस्तूल काढलं, चार-पाच साइटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे सुरुवातीचे शॉट, मारले आणि लगेच ६० शॉटची मॅच सुरू. शेवटी वहीत एक आकडा लिहिला: आज ५३८, परवा ५४४, त्याआधी ५३५. सहा महिन्यांनी ती वही चाळली तर आकडे वर-खाली झालेले दिसतात. पण ट्रिगर सुधारला की होल्ड (पिस्तूल स्थिर धरणं), आणि गाडी नेमकी कुठे अडली, हे त्या वहीतून कळत नाही. मॅच ही परीक्षा आहे, आणि रोज परीक्षा द्यायला बसलं की अभ्यास राहून जातो.

खालचा क्रम १० मीटर एअर पिस्तुलासाठी आहे. .२२ पिस्तुलाने २५ मीटरचा सराव करणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. वर्णन उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांचं आहे, डावखुऱ्यांनी दिशा उलटी धरावी.

## सगळ्यात आधी एक हिशेब

हा हिशेब डोक्यात बसला नाही तर पुढचे टप्पे पटणार नाहीत, म्हणून तो इथेच करून टाकू.

१० मीटरच्या कार्डावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. पुढची प्रत्येक रिंग व्यासाने १६ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्येने ८ मिलिमीटर वाढते. पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाची गोळी, ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे पेलेटचं केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडलं की दहा.

आता दोन वेगळ्या चुका घ्या. पहिलीत दोन्ही साइट, म्हणजे नळीच्या टोकाची फोरसाइट आणि मागची खाच, एकमेकींशी अचूक जुळलेल्या आहेत, पण अख्खा हात ५ मिलिमीटर उजवीकडे सरकलेला आहे. शॉटही ५ मिलिमीटरच सरकतो, म्हणजे दहा लागतो. दुसरीत हात बरोबर मध्यावर आहे, पण फोरसाइट मागच्या खाचेत १ मिलिमीटर डावीकडे गेली आहे. दोन साइटमधलं अंतर साधारण ३३० मिलिमीटर धरलं, तर १० मीटरवर ही चूक ३० मिलिमीटरची होते. तो शॉट सात.

हात हलतो म्हणून शॉट वाईट जातात, ही समजूत म्हणूनच महागात पडते. हात सगळ्यांचाच हलतो. शॉट वाईट जातो तो बहुतेक वेळा ट्रिगर दाबताना मनगट वळल्यामुळे आणि साइटची जुळणी मोडल्यामुळे. हे दोन दोष वेगळे करून पाहणं, हाच या सगळ्या सरावाचा कणा आहे. स्कोअर दोन्हींची बेरीज दाखवतो, त्यामुळे नुसत्या स्कोअरवरून ते वेगळे करता येत नाहीत.

## टप्पा १: घरची तयारी

मुंबईच्या घरात १० मीटर अंतर मिळणं कठीण. ड्राय फायरला, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबण्याच्या सरावाला, तेवढं लागतही नाही. हॉलमध्ये ३ मीटर मिळाले तरी पुरे.

टार्गेट त्याच प्रमाणात लहान करा. खऱ्या कार्डावरचं काळं वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचं असतं. डोळ्यापासून ३ मीटरवर लावायचं असेल तर ते १८ मिलिमीटरचं हवं, ५ मीटरवर ३० मिलिमीटरचं. उंचीत मात्र बरेच जण चुकतात. रेंजवर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर असतो म्हणून घरीही ते १४० वरच चिकटवतात. मग हात रेंजपेक्षा जास्त खाली झुकतो आणि शरीराला चुकीच्या कोनाची सवय लागते. तुमच्या डोळ्याची उंची १५५ सेंटिमीटर असेल तर रेंजवर टार्गेट डोळ्याच्या पातळीखाली १५ सेंटिमीटर असतं. ३ मीटरवर हा फरक साडेचार सेंटिमीटर ठेवा, म्हणजे टार्गेट साधारण १५०.५ वर लावा.

आठवड्यात चार दिवस, दर वेळी १५ ते २० मिनिटं ड्राय करा. अर्धा वेळ कोऱ्या भिंतीवर, अर्धा या छोट्या टार्गेटवर.

इशारा: ड्राय करताना पेलेटचा डबा त्या खोलीत नकोच. पडदे ओढून घ्या. समोरच्या इमारतीतल्या माणसाला खिडकीतून फक्त पिस्तूल रोखलेला माणूस दिसतो, खेळ दिसत नाही. घरात मुलं असतील तर सराव संपल्याबरोबर पेटीला कुलूप लावा, मगच पाणी प्यायला जा.

एअर पिस्तुलात ड्राय फायरसाठी वेगळी सोय असते, तीच वापरा. .२२ पिस्तूल मात्र रिकाम्या चेंबरवर दाबू नका. ते रिमफायर असतं, म्हणजे त्याची पिन काडतुसाच्या काठावर आपटते. काडतूस नसेल तर पिन चेंबरच्या काठावर आपटते आणि दोन्हींचं नुकसान होतं. त्यासाठी स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं नकली काडतूस, घ्या.

## टप्पा २: प्रवास, सामान आणि हात

वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जा किंवा दादरच्या सावरकर स्मारकात, उपनगरातून येणाऱ्याचा दिवस लोकलने सुरू होतो. गर्दीच्या वेळी पाऊण-एक तास उजव्या हाताने वरची कडी धरून उभं राहिलात, तर दंड आणि मनगट रेंजवर पोहोचण्याआधीच थकलेले असतात. कडी डाव्या हाताने धरा. बॅगही डाव्या खांद्यावर. पोहोचल्यावर १५ मिनिटं नुसतं बसा, हात मोकळे सोडा. ही १५ मिनिटं वाया जात नाहीत. ती टाळणाऱ्याची पहिली सिरीज, म्हणजे पहिले दहा शॉट, हमखास वाया जाते.

पिस्तूल कुलूपबंद पेटीत, पेटी साध्या बॅगेत. क्लबचं ओळखपत्र आणि खरेदीच्या पावतीची प्रत सोबत असू द्या. स्टेशनवर तपासणीला थांबवलं तर बॅगेत काय आहे ते आधी शांतपणे सांगा आणि पेटी पोलिसांनी सांगितल्यावरच उघडा. प्लॅटफॉर्मवर मित्राला दाखवायला उघडणं तर कधीच नाही.

पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. लाकडी ग्रिप दमट हवेत फुगते आणि हातात वेगळी बसू लागते, म्हणून जून-जुलैत ग्रिप घट्ट वाटली की लगेच कानस हातात घेऊ नका, आधी ती कोरडी करून पाहा. आणि वातानुकूलित गाडीतून उतरून थेट दमट हवेत आलात की नेमबाजीच्या चष्म्यावर वाफ धरते. चष्मा पेटीबाहेर काढून दहा मिनिटं तसाच ठेवा. समुद्राजवळच्या रेंजवरून घरी गेल्यावर पिस्तूल पुसून ठेवायचं, यात सुट्टी नाही. खारी हवा दोन दिवसांत गंजाचे ठिपके आणते.

तपासा: पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरचा दाब किती आहे? बहुतेक पिस्तुलांना कमाल २०० बार चालतो, त्यापुढे भरू नका. सिलिंडरवर छापलेली मुदत उलटली असेल तर तो वापरू नका.

## टप्पा ३: लेनवर पोहोचल्यावर

इथे घाई नको, पण लांबणही लावायचं नाही. क्रम ठरलेला आहे: पेटी टेबलावर, नळीचं तोंड टार्गेटकडे, मग पेटी उघडा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा. सेफ्टी लाइन, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवणारी दोरी, नळीत असलीच पाहिजे, आणि रेंज ऑफिसरने परवानगी दिल्याशिवाय ती काढायची नाही. कुणी फायरिंग लाइनच्या पुढे गेलं असेल तर पिस्तुलाला हातही लावायचा नाही, ड्रायसाठीसुद्धा नाही. बोट ट्रिगरवर जाईल ते पिस्तूल टार्गेटच्या दिशेला आल्यावरच. ‘स्टॉप’ ऐकू आला की शॉट अर्धवट सोडून हात खाली.

.२२ च्या लेनवर कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण दोन्ही घाला, तुम्ही फक्त बघायला उभे असलात तरी.

## टप्पा ४: उभं राहणं

पाय खांद्याइतके फाकवा, शरीर टार्गेटला जवळपास आडवं, डावा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. डोळे मिटून पिस्तूल वर घ्या, टार्गेटवर स्थिरावल्यासारखं वाटेल तिथे थांबा आणि मग डोळे उघडा. साइट टार्गेटच्या डावीकडे दिसली तर हाताने ओढून उजवीकडे आणू नका. मागचं पाऊल किंचित सरकवा, म्हणजे अख्खं शरीर वळेल. पुन्हा डोळे मिटा, पुन्हा पाहा. सलग तीन वेळा साइट मध्याच्या वर-खाली उभ्या रेषेत दिसली की पावलांच्या कडांशी खडूने खूण करा.

हे एकदा करून भागत नाही. पाणी प्यायला गेलात, परत आलात, की पुन्हा. ग्रिप दर शॉटला सोडून नव्याने धरत असाल तर तेही एकाच पद्धतीने: आधी डाव्या हाताने पिस्तूल उजव्या तळव्यात खोल बसवा, मग बोटं मिटा.

नेहमीची चूक: पाचव्या-सहाव्या शॉटपासून शॉट हळूहळू एका बाजूला सरकू लागले की लोक साइटचा स्क्रू फिरवतात. आधी पावलं पाहा. बहुतेक वेळा तीच सरकलेली असतात.

## टप्पा ५: रेंजवरचं ड्राय, १० मिनिटं

घरी केलं म्हणून इथलं टाळू नका. कोऱ्या भिंतीकडे किंवा कार्डाच्या पांढऱ्या भागाकडे पिस्तूल धरा. नजर फोरसाइटच्या वरच्या कडेवर. दोन्ही बाजूंना उजेडाच्या फटी सारख्या, वरच्या कडा एका पातळीत. ट्रिगर दाबा आणि क्लिक होताना फोरसाइट कुठे उडाली ते बघा.

टार्गेट समोर नसल्यामुळे घाई करायला काही कारणच उरत नाही, आणि ट्रिगरचा दोष उघडा पडतो. फोरसाइट क्लिकच्या क्षणी डावीकडे खाली उडत असेल तर बोट ट्रिगरला सरळ मागे न दाबता आत ढकलतंय किंवा बाकीची बोटंही सोबत आवळली जाताहेत. वर उडत असेल तर तळव्याची टाच पुढे रेटली जातेय. पण एका-दोन क्लिकवरून निदान करू नका. सलग वीस पाहा, मग बोला.

एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचं किमान वजन ५०० ग्रॅम असतं. पिस्तूल टार्गेटवर खाली येत असतानाच ट्रिगरच्या दाबाचा पहिला भाग घेऊन टाका, म्हणजे स्थिरावल्यावर बोटाला थोडंच काम उरतं. उलट करणारे, म्हणजे आधी पूर्ण स्थिर होऊन मग बोट ट्रिगरवर ठेवणारे, स्वतःच्या होल्डचा सगळ्यात चांगला काळ वाया घालवतात.

तपासा: वीसपैकी किती क्लिकना फोरसाइट जागची हलली नाही? हा आकडा वहीत लिहा. सगळ्या नोंदींतला हा पहिला, आणि माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक आकडा, कारण यात नशिबाला जागा नाही.

## टप्पा ६: कोऱ्या कार्डावर १५ शॉट

आता पेलेट. कार्ड उलटं लावा, काळं वर्तुळ मागे. इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या लेनवर हे जमत नाही, तेव्हा कागदी कार्डांची लेन मागून घ्या. नेम धरायला काही नाही, फक्त पांढरा चौकोन. साइट जुळवा, पांढऱ्या भागाच्या साधारण मध्यावर ठेवा आणि ट्रिगर दाबा.

नवख्यांना इथे धक्का बसतो. पुष्कळदा कोऱ्या कार्डावरचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, काळ्या वर्तुळावरच्या ग्रुपपेक्षा लहान येतो. वर्तुळ दिसलं की डोळा फोरसाइट सोडून तिकडे धावतो आणि ‘आत्ता आलं, आत्ता मार’ असं बोट ऐकतं. तुमच्या बाबतीत असं होत असेल तर दोष हातात नाही, नजरेत आहे, आणि त्याचा उपाय डंबेल्स नाहीत.

दर पाच शॉटला कार्ड बदला. दहा शॉट एकाच कार्डावर मारले तर भोकं एकमेकांत मिसळतात आणि मोजायला काही उरत नाही.

## टप्पा ७: कॉल, म्हणजे बघण्याआधी सांगणं

अख्ख्या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर हा टप्पा उचला.

शॉट सुटला. हात लगेच खाली आणू नका. नजर फोरसाइटवर दोन सेकंद ठेवा. ट्रिगर सुटला त्या क्षणी फोरसाइट कुठे होती? त्यावरून शॉट कुठे लागला असेल ते घड्याळाच्या भाषेत सांगा: ‘नऊ, चार वाजता’, ‘दहा’, ‘आठ, सात वाजता’. वहीत लिहा. मग स्क्रीनकडे किंवा दुर्बिणीत पाहा आणि खरा शॉट त्याच ओळीत पुढे लिहा.

क्रम उलटला की हा सराव निरुपयोगी होतो. आधी स्क्रीन पाहिली तर मन ताबडतोब पटवून देतं की ‘हो, मला तसंच वाटलं होतं’. म्हणून स्क्रीन वळवून ठेवा किंवा तिच्यावर कागद टाका. शेजारच्या लेनवाल्याला ‘किती लागला?’ असं विचारायचं नाही, त्यानेही सांगायचं नाही.

असे २० शॉट. कॉल आणि खरा शॉट एका रिंगच्या आत आणि दिशेने पाव घड्याळाच्या आत असेल तर ‘जुळला’ म्हणा. दोन्ही दहा असतील तर दिशा बघू नका. वहीतलं पान असं दिसेल:

शॉट १: कॉल ९, ४ वाजता. लागला ९, ३ वाजता. जुळला.
शॉट २: कॉल १०. लागला १०. जुळला.
शॉट ३: कॉल १०. लागला ८, ८ वाजता. नाही.
शॉट ४: कॉल ८, १२ वाजता. लागला ८, १ वाजता. जुळला.

चौथा शॉट आठ आहे, तरी तो तिसऱ्यापेक्षा चांगला. चौथ्यात काय झालं ते नेमबाजाला दिसलं. तिसऱ्यात त्याने काहीच पाहिलं नाही: बहुधा पापणी मिटली किंवा नजर टार्गेटवर होती. ‘कॉल दहा, लागला आठ’ अशा ओळींना लाल खूण करा. पुढच्या वेळी ड्राय वाढवायचं की नाही ते याच ओळी ठरवतात.

सोडून देण्याची सवय इथेच लावा. पिस्तूल स्थिरावल्यावर पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटला पाहिजे. दहा सेकंद झाले तर हात खाली, दोन-तीन मोकळे श्वास, पुन्हा सुरुवात. फुफ्फुसातला ऑक्सिजन आणि डोळ्याची तीक्ष्णता, दोन्ही तोवर उतरलेली असतात, आणि त्यानंतर मारलेला शॉट हा हट्टाने मारलेला शॉट. ६० शॉटना इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे शॉटमागे ७५ सेकंद. वेळ भरपूर आहे. किती वेळा सोडून दिलं त्याची काडी वहीच्या कोपऱ्यात ओढा. सुरुवातीला ‘शून्य’ दिसणं चांगलं लक्षण नाही. त्याचा अर्थ तुम्ही प्रत्येक बिघडलेला शॉट मारूनच टाकता आहात.

## टप्पा ८: ग्रुप पाहा, मगच साइटला हात लावा

दोन नेमबाजांची सिरीज ९० आहे. एकाचे दहाही शॉट नऊ, सगळे नऊ वाजताच्या दिशेला एका ठिकाणी. दुसऱ्याचे १०, १०, १०, ९, ९, ९, ९, ९, ८, ७, चहूकडे पसरलेले. बेरीज सारखी, पण पहिल्याला साइटच्या स्क्रूच्या काही क्लिक हव्या आहेत, दुसऱ्याला टप्पा ५ वर परत जायला हवं. दुसऱ्याने साइट फिरवली तर त्याचे दोष फक्त जागा बदलतील.

क्लिकचा हिशेब सोपा आहे. दहा शॉटच्या ग्रुपचं मध्य अंदाजाने न घेता मोजा. प्रत्येक शॉट कार्डाच्या मध्यापासून किती मिलिमीटर डावी-उजवीकडे आणि किती वर-खाली ते लिहा, बेरीज करा, दहाने भागा. इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या छापील पट्टीवर ग्रुप दिसतो, त्यावरूनही हे जमतं. समजा मध्य १२ मिलिमीटर डावीकडे आला. तुमच्या पिस्तुलाची एक क्लिक १० मीटरवर किती मिलिमीटर सरकवते ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ती २ मिलिमीटर असेल तर मागची साइट ६ क्लिक उजवीकडे. मागची साइट ज्या दिशेला, शॉट त्या दिशेला.

इशारा: २० पैकी किमान १४ कॉल जुळत नसतील तर साइट फिरवू नका. शॉट कुठे गेला हे तुम्हालाच माहीत नसेल तर तुम्ही साइट दुरुस्त करत नाही, स्वतःच्या चुकीला साइट जुळवून देता. दुसऱ्या दिवशी ट्रिगर नीट सुटला की तोच ग्रुप विरुद्ध बाजूला जातो, मग पुन्हा फिरवाफिरवी. हवा किंवा उजेड बदलला म्हणून एक-दोन क्लिक द्याव्या लागतात, त्या द्या, आणि किती दिल्या ते लिहून ठेवा.

ग्रुपचा आकार मोजताना दोन टोकाच्या भोकांमधलं अंतर घेऊ नका. एका घसरलेल्या शॉटने तो आकडा दुप्पट होतो. ग्रुपच्या मध्यापासून प्रत्येक शॉटचं अंतर मोजून त्यांची सरासरी काढा. थोडी मेहनत आहे, पण खरी प्रगती या आकड्यात दिसते.

## टप्पा ९: स्कोअरचे २० शॉट, रोज नाही

आता कुठे स्कोअर. आठवड्यातून एक-दोन वेळा २० शॉट मॅचसारखे मारा, आणि पूर्ण ६० ची मॅच महिन्यातून दोनदा. मॅचच्या दिवशी बाकीचे टप्पे आखडते घ्या, पण साइटर, वेळ आणि नियम अगदी स्पर्धेसारखे पाळा.

.२२ वाल्यांसाठी इथे थोडी भर. त्यांचा प्रिसिजन भाग पाच-पाच शॉटच्या सहा सिरीजचा, दर सिरीजला ५ मिनिटं. रॅपिडमध्ये टार्गेट ३ सेकंद दिसतं आणि ७ सेकंद लपतं, सुरुवातीला हात ४५ अंशांत खाली. रॅपिडचा सरावही आधी ड्राय करूनच चढवा: फक्त हात वर आणा आणि साइट जुळते का पाहा, ट्रिगर नंतर. झटका अपेक्षेने सांभाळण्याची सवय लागली असेल तर दुसऱ्याकडून मॅगझिन भरून घ्या, मधे कुठेतरी एक डमी काडतूस घालायला सांगा. डमीवर ट्रिगर दाबताच नळी खाली डुचकळली की दोष तुमच्याच डोळ्यांना दिसतो.

सराव संपला की आधी साबणाने हात. पेलेट शिशाचे असतात. हात न धुता बाहेर वडापाव खाणारे रोज दिसतात, हे थांबायला हवं.

## टप्पा १०: महिन्याचा हिशेब

वहीत आता पाच गोष्टी जमा झाल्या: वीसपैकी स्वच्छ क्लिक, वीसपैकी जुळलेले कॉल, सोडून दिलेले शॉट, ग्रुपची सरासरी त्रिज्या आणि स्कोअर. सोबत दर दिवशी एका ओळीत झोप, प्रवास, उजेड, पेलेटचा लॉट. वही शक्यतो कागदाची ठेवा, लेनवर फोन हातात घेतला की मन दुसरीकडे जातं.

स्कोअरकडे कसं पाहायचं ते नीट समजून घ्या. तुमची शॉटची सरासरी ९ आहे आणि एकेका शॉटचा चढउतार ०.८ गुणाचा आहे असं धरा. मग काहीही न बदलता, निव्वळ योगायोगाने, १० शॉटची सिरीज अडीच गुणांनी आणि ६० शॉटची मॅच सहा गुणांनी इकडे-तिकडे होणं अगदी सामान्य आहे. म्हणजे ५३८ नंतर ५४४ आले म्हणून पेढे नकोत आणि ५४४ नंतर ५३७ आले म्हणून ग्रिप बदलायला नको. पाच मॅचची सरासरी घ्या, आधीच्या पाचांच्या सरासरीशी ताडून पाहा. फरक सात-आठ गुणांचा असेल तर त्याची दखल घ्या. सर्वोत्तम स्कोअर भिंतीवर लावायला ठीक आहे, प्रगती मोजायला तो कुचकामी.

मग वाचन असं करा. स्वच्छ क्लिक वाढल्या पण कॉल जुळत नाहीत: नजर टार्गेटवर जातेय, कोऱ्या कार्डाचे शॉट दुप्पट करा. कॉल जुळतात पण ग्रुप मोठाच आहे: दोष होल्डचा, आता खांद्याचा आणि पोटाच्या स्नायूंचा व्यायाम वाढवा, आणि शॉट न मारता १५ सेकंद पिस्तूल धरून ठेवण्याचे दहा-दहा होल्ड करा. ग्रुप लहान झाला पण स्कोअर जागचा हलत नाही: ग्रुपचं मध्य पाहा, काम क्लिकचं आहे. सरावात सगळं सुधारलं आणि फक्त मॅचमध्ये पडतं: पहिल्या सिरीजचे आणि शेवटच्या सिरीजचे आकडे वेगळे काढा. पहिली पडत असेल तर साइटरचा वेळ नीट वापरला जात नाही. शेवटची पडत असेल तर दम आणि पाणी कमी पडतंय.

महिन्याला एकच गोष्ट बदला. ग्रिप, पेलेट आणि ट्रिगरची जागा एकाच आठवड्यात बदलणारे नेमबाज नंतर कशाने फरक पडला ते कधीच सांगू शकत नाहीत, आणि त्यांचे प्रशिक्षकही नाही.

## टप्पा ११: स्पर्धेच्या आधीचा आठवडा

नवीन काही सुरू करायचं नाही. पूर्ण मॅच चार दिवस आधी एकदा, त्यानंतर फक्त ड्राय आणि कॉलचे २० शॉट. आदल्या दिवशी रेंजला जाऊ नका, घरी दहा मिनिटं ड्राय पुरे. बूट घोट्याच्या वर येत नाहीत ना, न वापरल्या जाणाऱ्या डोळ्यावरची पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नाही ना, पिस्तूल पेलेटशिवाय १५०० ग्रॅमच्या आत आहे ना, हे आधीच पाहून ठेवा. पिस्तुलाची नळी उभी धरून ट्रिगरवर ठरलेलं वजन अडकवा आणि तीनदा उचलून बघा. अगदी ५०० वर सेट केलेला ट्रिगर प्रवासात आणि हवामानात हलतो आणि तपासणीत अडकतो, म्हणून तो ५१० ते ५२० ग्रॅमवर ठेवा आणि त्याच वजनावर शेवटचा आठवडा सराव करा.